सात छप्पनची परवानगी

बुधवारी सकाळी आठ वाजायला चार मिनिटं कमी असताना मी लॅपटॉपवर ‘अलाउ’ हे बटण दाबलं. नीट वाचून दाबलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण वाचलं नव्हतं.

कोकणातला माणूस मुंबईत राहत असला की वर्षातून एका सकाळी तो माणसात नसतो. गणपतीला गावी जाणाऱ्या गाड्यांचं रिझर्वेशन दोन महिने आधी सकाळी आठला उघडतं आणि आठ वाजून दोन मिनिटांनी संपलेलं असतं. त्या दोन मिनिटांत सगळ्यांची नावं, वयं, खालचा बर्थ की वरचा, हे सगळं टाइप करून होत नाही. निदान माझं होत नाही. मी एका बोटाने टाइप करतो आणि ते बोटही घाबरट आहे. गेल्या वर्षी मी घाईत, भावाकडे राहणाऱ्या आईचं वय सात लिहिलं होतं. पुढचं शून्य राहून गेलं. तिला अर्ध्या तिकिटात नेता आलं असतं, पण तोवर वेटिंग लागलं.

यंदा मात्र मी तयारीत होतो. गावच्या मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी एक लिंक टाकली होती. ‘चाकरमान्यांनो, हे एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडा. नावं, वयं एका सेकंदात आपोआप भरतील!’ खाली अठरा जणांनी हात जोडले होते. अठरा माणसं हात जोडतात म्हणजे काहीतरी तथ्य असणारच, असं मला वाटलं. त्याच्या वरच्याच मेसेजमध्ये कुणाची तरी म्हैस व्याली होती आणि तिथेही त्याच अठरा जणांनी हात जोडले होते, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

एक्स्टेन्शन जोडताना एक खिडकी उघडली. त्यात लिहिलं होतं की हे तुम्ही उघडाल त्या प्रत्येक वेबसाइटवरची माहिती वाचेल आणि बदलेल. म्हटलं, वाचू दे बापडं, आपलं काय लपलंय. अलाउ. मग म्हणालं, सोबत एक मदतनीस प्रोग्राम उतरवून घ्या. अलाउ. मग म्हणालं, अधूनमधून सूचना पाठवू का? अलाउ. देवाला करतो तसे तीन नमस्कार करून मी आठची वाट बघत बसलो.

आठ वाजले. नावं भरली गेली नाहीत. रिझर्वेशनच्या पानाच्या जागी रमी खेळायचं आमंत्रण आलं. ते बंद करेपर्यंत आठ वाजून तीन मिनिटं झाली होती आणि आम्ही वेटिंगमध्येही बरेच खाली गेलो होतो. शेवटी दरवर्षीसारखी एसटीच ठरली, तो विषय संपला.

मी घाटकोपरला औषधांच्या एका गोदामात काम करतो. आलेल्या प्रत्येक खोक्यावरची मुदत वाचायची, बॅच नंबर वाचायचा आणि मगच माल आत घ्यायचा, हे माझं काम. न वाचता मी तिथे खोकल्याची एक बाटलीही आत घेतलेली नाही. आमच्या भांडुपच्या घरात मात्र मी काय काय आत घेतलं होतं, ते पुढे हळूहळू बाहेर आलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्या शनिवारी माझ्या बायकोचा तास होता.

बायको शिक्षिका. इथल्याच एका मराठी शाळेत ती बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवत होती. मग पहिलीच्या दोन तुकड्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली आणि एका जूनमध्ये वर्ग भरलाच नाही. जी शेवटी लागलेली, ती आधी घरी आली, म्हणजे ही. त्यानंतर घरी शिकवण्या घ्यायची. त्यांतही मराठी कुणालाच नको असायचं. गणित शिकवाल का, इंग्लिश शिकवाल का, असं विचारत लोक यायचे. ती शिकवायचीही. पण पूर्वी शाळेतून आली की ही तासभर बोलत असायची, अमका ‘ळ’ कसा काढतो, तमकी कवितेत कशी अडकली. ते बोलणं बंद झालं होतं. मला ते जाणवायचं आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. नवऱ्यांचं असंच असतं.

आणि जुलैमध्ये तिच्या जुन्या मैत्रिणीकडून निरोप आला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठी मंडळींना आपल्या मुलांसाठी ऑनलाइन शिकवणारी बाई हवी होती. शनिवारी सकाळी साडेसातला, म्हणजे तिकडच्या शुक्रवारी संध्याकाळी, एक नमुना तास घ्यायचा. मुलं समोर, आईबाप मुलांच्या मागे. पसंत पडलं तर ऑगस्टपासून वर्ग. त्यांनी दोन शिक्षिका बघून ठेवल्या होत्या आणि दुसरी पुण्याची होती. बायको म्हणाली, “पुण्याची म्हणजे झालंच.” आणि तयारीला लागली.

तिने स्केचपेनने चित्रं काढली, मोबाइलवर त्यांचे फोटो घेतले आणि लॅपटॉपवर ओळीने लावले. ‘क’ला तिने कमळ घेतलं नाही, कुर्ली घेतली. आठ पायांची, दोन नांग्यांची, डोळे बाहेर आलेली, रागावलेली कुर्ली. “कमळ काय चालतं का?” ती म्हणाली. “ही चालते, तिरकी चालते. मुलांना चालणारी वस्तू लागते.”

बुधवारी संध्याकाळी लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात पहिली चिठ्ठी आली. गुडघेदुखीवर तेल. मी झटकन बंद केली. दुसरी आली. केस गळतात का? मी बंद केली. घरात तेव्हा बायको नव्हती, हे माझं नशीब. ब्राउझरही बदलला होता. काहीही शोधायला गेलं की कुठल्या तरी अनोळखी पानावर जायचा आणि तिथे चार जाहिराती दाखवून मग नाखुशीने उत्तर द्यायचा. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, पंख्याखाली ठेवला, मऊ फडक्याने पुसला. एवढं करूनही फरक पडला नाही, तेव्हा झाकण लावून ठेवलं. उद्यापर्यंत आपोआप बरं होईल, असं मला मनापासून वाटलं होतं. आमच्या घराण्यात ताप असाच काढतात.

गुरुवारी संध्याकाळी तालीम होती. बायको हॉलमध्ये लॅपटॉपसमोर आणि मी आत पलंगावर मोबाइल घेऊन. मी सात वर्षांचा मुलगा झालो होतो. हॉलमध्ये दोरीवर न वाळलेले कपडे होते, ते तिने कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून बाजूला सरकवले होते. तिने आपला स्क्रीन मला दाखवायला सुरुवात केली.

“बाळांनो, ही कोण?” ती गोड आवाजात म्हणाली. हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

“कुर्ली!” मी पलंगावरून म्हणालो.

“शाब्बास. कुर्ली कशी चालते?”

आणि कुर्लीच्या उजव्या नांगीवर चिठ्ठी आली, फोटोसकट. ‘भांडुपमधल्या एकट्या महिला तुमच्याशी बोलू इच्छितात.’

मग गोड आवाज गेला आणि घरचा आवाज आला.

“अहो. बाहेर या.”

मी बाहेर आलो. ती चष्मा लावून फोटो निरखत होती.

“भांडुपमधल्या कोण गं या एवढ्या मोकळ्या?” ती स्वतःशीच म्हणाली. “यांच्याकडे पाणी कोण भरतं?”

“लॅपटॉप जुना झालाय,” मी म्हणालो. “वयानुसार होतं असं.”

“लॅपटॉपच्या वयानुसार?”

तेवढ्यात दुसरी चिठ्ठी आली. ती वाचून तिने लॅपटॉपचं झाकण लावलं. काय होतं ते मी लिहीत नाही, मी लिहिलेलं आईही वाचते.

आमच्याकडे रोजचं भांडण साध्या मराठीत होतं. खरा राग मालवणीत येतो. “तुमी काय करून ठेवलास ह्या?” ती म्हणाली. “खरा सांगा. परवा थंयसर बारा पोरां बसतली, मागे त्यांचे आवशी-बापूस. आणि ह्या कुर्लेच्या डोक्यार ह्यो बाया येतल्यो?”

मी म्हणालो, मला काही माहीत नाही. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

ती पलंगावर जाऊन बसली. रडली वगैरे नाही, ती रडणारी नाही. पण चित्रांचे कागद एकावर एक ठेवत बसली, कडा जुळवत, जुळलेल्या कडा पुन्हा जुळवत. “पुण्याची काय, तिचा लॅपटॉप नवीन असेल,” एवढंच म्हणाली. मोबाइलवर तास घेतला तर मुलांचे चेहरे मुंगीएवढे दिसणार होते आणि चित्रं दाखवली की तेही जाणार होते. आमच्या मुलीचा लॅपटॉप तिच्याबरोबर हैदराबादला. ऑफिसातला कॉम्प्युटर टेबलाला धरून. दुसरं काही घरात नव्हतं.

मग मी सुधारायला गेलो. लॅपटॉप उघडून जाहिराती बंद करता करता एकदम सगळा स्क्रीन लाल झाला आणि भोंगा वाजायला लागला. ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत. बंद करू नका. ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.’ मी फोन केला. तिकडचा गृहस्थ इतका अदबीने बोलला की मला भरून आलं. माझ्याशी त्या दिवशी घरात कुणी इतकं अदबीने बोललं नव्हतं. “सर, घबराइये मत,” तो म्हणाला. “बस एक छोटा सा ऐप डालिए, हम यहीं से आपका स्क्रीन देख लेंगे.”

माझ्या हातातला फोन बायकोने काढून घेतला. “कौन सा लैपटॉप?” ती म्हणाली. “हमारे घर में लैपटॉप नहीं है.” आणि ठेवला.

“अगं, तो मदत करत होता!”

“घरात शिरायला निघालेल्याला मदत म्हणतात? भोंगा त्याचाच, फोनही त्याचाच. चोराने बेल वाजवली की दार उघडायचं का?” तिने लॅपटॉपचं बटण दाबून धरलं, तेव्हा भोंगा थांबला. “उद्या काकूंना बोलवते.”

काकू आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलतात अजून एक्स्चेंजमधल्यासारखं, तीन-तीन शब्दांत. खात्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा पुरुष मंडळी लांब उभी राहिली आणि या पुढे होऊन बसल्या, तेव्हापासून बसलेल्याच आहेत. सोसायटीचं सगळं त्याच सांभाळतात. कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की त्या येतात, पण त्यांची एक पद्धत आहे. काम होईपर्यंत चहा घेत नाहीत, आणि काही काढून टाकायच्या आधी ते कुणी आणलं, कधी आणलं, कशाला आणलं, हे मालकाकडून विचारून वहीत लिहितात. “नुसतं पुसलं की परत येतं,” त्या म्हणतात. “कुठून आलं ते कळायला हवं.”

शुक्रवारी मी अर्धी रजा घेतली. दुपारी काकू दोन चष्मे आणि वही घेऊन आल्या. एक चष्मा स्क्रीनसाठी, एक माझ्यासाठी.

त्यांनी पहिल्यांदा सूचनांची यादी उघडली. मी ज्यांना ज्यांना ‘अलाउ’ म्हटलं होतं, ते सगळे तिथे रांगेत उभे होते. बत्तीस.

“बत्तीस?” बायको म्हणाली.

“माणूस दिलदार आहे,” काकू म्हणाल्या आणि एकेकाला बाहेर काढायला लागल्या. कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या त्यानेच बऱ्याचशा थांबल्या. मग एक्स्टेन्शनची यादी उघडली. एकूण नऊ. त्या एकेक वाचत गेल्या, मी उत्तर देत गेलो आणि बायको दारात उभी राहून ऐकत होती.

“हे रोजचं राशिभविष्य. कुणी?”

“मी.”

“क्रिकेटचा स्कोअर, कायम दिसणारा.”

“मी. वर्ल्ड कपच्या वेळी.”

“टायपिंग आपोआप सुधारणारं.”

“मी.”

“काही सुधारलेलं दिसत नाही. बरं, हे कूपन शोधणारं?”

“ते… मी.”

“अगं,” काकू बायकोला म्हणाल्या, “यात तुझं काही आहे?”

“माझी चित्रं आहेत. बाकी ह्यांचंच.”

नववं होतं, तिकिटाचं. काकू ते काढायला गेल्या तर काढायचं बटणच नव्हतं. वर एक ओळ आली होती. ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेद्वारे नियंत्रित केला जातो.’

“कुठली संस्था?” मी म्हणालो. “मी तर सोसायटीच्या कमिटीतही नाही.”

“संस्था नाही रे. तुझ्या घरात कुणी शिरलं आणि दारावर आपल्या नावाची पाटी लावून बसलं. आता तुलाच विचारतं, आपण कोण? हे एकटं आलेलं नाही, सोबत कुणाला तरी घेऊन आलंय. कधी आणलंस?”

मी पंख्याकडे बघितलं. “आठवत नाही. कदाचित आपोआप…”

“आपोआप काही येत नाही. डॉक्टरला आणि मला खोटं सांगायचं नाही.” त्यांनी उतरवलेल्या फायलींची यादी उघडली आणि बोट ठेवलं. “हा बघ मदतनीस. बुधवार. सकाळी सात छप्पन.”

बुधवारी सात छप्पनला बायको खाली दूध आणायला गेली होती आणि मुलगी हैदराबादला होती. घरात मी होतो आणि देव होते.

मग मी सांगितलं. ग्रुपवरची लिंक, अठरा जणांचे हात, तीन नमस्कार, रमी, सगळं. सांगताना ते इतकं बावळट वाटत होतं की मध्येच मला हसू आलं. बायकोला नाही आलं. काकूंनी वहीत लिहून घेतलं, मदतनीस प्रोग्राम काढला, लॅपटॉप पुन्हा चालू केला. ती संस्थेची पाटी गेली होती. आता एक्स्टेन्शनला काढायचं बटण आलं, ते त्यांनी मला दाबायला लावलं. “तू आणलंस, तूच घालव.” बाकीची आठही मी एकेक करून घालवली. मग त्यांनी ब्राउझरची सगळी मांडणी मूळपदावर आणली, लॅपटॉपमधली तपासणी सुरू केली आणि मला माझ्या मोबाइलवरून एकेक पासवर्ड बदलायला बसवलं. मी बदलत असताना त्या म्हणाल्या, “ते काय वाचत होतं माहीत नाही. म्हणून सगळे.” मला पहिल्यांदाच जरा भीती वाटली.

तपासणी संपली तेव्हा सहा वाजत आले होते. बायकोने चहाचं आधण ठेवलं. काकूंनी शेवटचं बघायचं म्हणून ब्राउझर उघडला. आणि ते परत आलेलं होतं. तेच तिकिटाचं, जसं काही कुठे गेलंच नव्हतं.

बायकोने गॅस बंद केला.

“राहू दे काकू,” ती म्हणाली. “मी कळवते त्यांना. म्हणावं, काही कारणाने जमत नाही.”

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मला मालवणी ऐकायला आवडली असती. काकूंनी स्क्रीनचा चष्मा काढला, माझा लावला.

“ब्राउझरमधल्या या तुझ्या खात्याने तू आणखी कुठे बसतोस?”

मी पुन्हा पंख्याकडे बघितलं.

“हे वरून येतंय. एकच खातं दोन ठिकाणी उघडं असलं की इकडचं तिकडे जातं आणि तिकडचं इकडे येतं. इथून काढलं तरी दुसऱ्या जागी ते आहे, ते परत पाठवतंय. दुसरी जागा कुठे?”

दुसरी जागा ऑफिस होती. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिथे सराव केला होता. गोदामाच्या कॉम्प्युटरवर, ज्यावर औषधांचा सगळा साठा असतो आणि ज्यावर बाहेरचं काही उतरवायचं नाही, असा कागद माझ्याच सहीने माझ्याच टेबलासमोर चिकटवलेला आहे. हे घरात सांगणं सोपं होतं. खरी गोष्ट ही होती की ते आता साहेबांना सांगायला लागणार होतं. मी क्षणभर म्हणणार होतो की दुसरी जागा नाही. पण बायको मोबाइल हातात घेऊन निरोप लिहायला लागली होती.

“ऑफिसात,” मी म्हणालो. “मंगळवारी. तिथेही मीच टाकलंय.”

आणि तिथेच उभ्याउभ्या साहेबांना फोन लावला. काय केलं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, “तुम्ही?” त्या एका शब्दात माझी नोकरीची वीस वर्षं होती. मी म्हणालो, हो, मीच. म्हणाले, त्या कॉम्प्युटरची वायर काढायला सांगतो, सोमवारी मला भेटा. ओरडले नाहीत. सोमवारीही फारसे ओरडले नाहीत. फक्त तो कागद काढून मोठ्या अक्षरात पुन्हा लिहायला लावला.

फोन ठेवला तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती. मोबाइल तिने बाजूला ठेवला होता.

काकूंनी खात्याची ती देवाणघेवाण बंद केली, खात्यातूनच ते एक्स्टेन्शन काढलं आणि लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. तिन्ही वेळा स्वच्छ. मग त्या बायकोला म्हणाल्या, “ये, इथे बस. तुझं वेगळं खातं काढते. तुझ्या नावाने उघडेल, तुझंच राहील. याचं काही तुझ्याकडे येणार नाही.”

तो लॅपटॉप आमच्याकडे सहा वर्षं आहे. उघडला की माझं नाव यायचं आणि ती माझ्या नावाखालून आत जायची. त्यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, तिनेही कधी म्हटलं नव्हतं. आता स्क्रीनवर दोन गोल आले, एक माझा, एक तिचा. काकू मला म्हणाल्या, “भिंतीकडे तोंड कर.” मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि माझ्यामागे बायकोने हळूहळू, एकेक अक्षर दाबत, स्वतःचा पासवर्ड घातला. बराच मोठा असावा.

काकूंनी दोन कप चहा घेतला आणि जाताना वहीतलं पान फाडून मला दिलं. वर तारीख, खाली मी आणलेल्या नऊ वस्तू आणि सगळ्यांत शेवटी, अधोरेखित करून, ‘आधी वाच.’

शनिवारी सकाळी बायको सहालाच तयार होऊन बसली. आकाशी साडी, शाळेत पालकसभेला नेसायची ती. मला स्वयंपाकघरात बसायचा हुकूम होता. मोबाइल बंद, मिक्सर बंद, बेल वाजली तर दार हळू उघडायचं. मी ओट्याशी स्टुलावर बसलो. तिथून दाराच्या फटीतून मला लॅपटॉपचा फक्त उजवा कोपरा दिसत होता. मी त्या कोपऱ्याकडे इतकं टक लावून बघत होतो की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिथून काहीही बाहेर येऊ शकलं असतं. तेल, रमी, एकट्या महिला.

“नमस्कार बाळांनो,” ती म्हणाली.

मुलं बारा नव्हती, पाच होती. बाकीची जेवायला बसली असावीत. मागे आईबाप सोफ्यावर, हे तिने नंतर सांगितलं. काही मुलं कुठेतरी दुसरीकडेच बघत होती, हे मला तिच्या गप्प होण्यावरून कळलं. ‘अ’ गेला, ‘आ’ गेला. पाचांपैकी एकच मुलगी बोलत होती, तीही इंग्लिशमध्ये. मला वाटलं, संपलं, पुण्याची जिंकली.

मग कुर्ली आली.

“ही कोण?”

कुणी बोलेना. आणि एकदम एका घरातून सोफ्याच्या मागून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. “चिंबोरी गो बाय! ती चिंबोरी हाय!”

बायको थबकली. “आजी, तुम्ही कुठल्या?”

“वर्सोव्याची! लेकाकडं आलंय. इथं सहा महिनं झालं, कुनी चिंबोरी दावली नाय माला!”

“आम्ही मालवणकडचे. आम्ही कुर्ली म्हणतो.”

“तुमी काय पन म्हना, चावतेय ती सारखीच!”

मुलांमध्ये हशा पिकला. कुठला तरी मुलगा म्हणाला, “टीचर, ती खरंच चावते?” मोडक्या मराठीत, पण मराठीत. बायको म्हणाली, सांगते. आणि तिने दोन्ही हात वर करून नांग्या केल्या, खुर्चीवरून उठली आणि आमच्या हॉलमध्ये, वाळत घातलेल्या कपड्यांच्या खालून, तिरकी तिरकी चालत गेली आणि तिरकी चालत परत आली. आकाशी साडीत. पलीकडे पाच घरांत खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. सगळी मुलं तिरकी चालत होती. म्हातारी ओरडून सांगत होती, “वाकड्यान चाल रे, वाकड्यान!” मी कोपऱ्याकडे बघायचं विसरलो.

तास अर्ध्या तासाचा होता, पाऊण तास चालला. शेवटी तिकडच्या पालकांपैकी एक बाई काहीतरी बोलल्या, ते हळू आवाजात होतं, मला नीट ऐकू आलं नाही. बायको नुसतं “हो… हो… चालेल… बघते हं,” म्हणत होती. मग लॅपटॉप बंद केल्याचा आवाज आला.

मी स्टुलावरच बसून राहिलो. विचारायची हिंमत होत नव्हती. ती स्वयंपाकघरात आली, माठातलं पाणी काढलं, उभ्यानेच अख्खा तांब्या प्यायली. कपाळावर घाम होता.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

तिने तांब्या पालथा घातला. “मुलं अकरा आहेत,” ती म्हणाली. “ऑगस्टपासून शनिवारी सकाळचे पोहे तुमच्याकडे. कांदा बारीक चिरा, तुमच्यासारखा जाडा नको.”